खळ्यावरचा सातवा मजला

मला पाहायला आलेला तिसरा मुलगा काखेत कागदाची लांब सुरनळी घेऊन आला. आत्याने त्याला खिडकीतून पाहिलं आणि चहात साखर टाकता टाकता मला म्हणाली, "हा कलेंडरं विकणारा त नाई ना, बाप्पा?"

आम्ही जऊळक्याचे. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, आमचे सगळे कागद अकोल्याला जायचे. मोठ्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं उलटली होती आणि खळ्यावर पुन्हा ज्वारी दिसायला लागली होती. वडील स्टेशनावर पॉइंट्समन होते. आजोबांकडून आलेला जमिनीचा एक तुकडा रुळाच्या कडेला होता, आमचं खळंही तिथंच. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून ती आमच्याकडे राहायची. पण बिचारी म्हणून तिची कोणी ओळख करून दिली असती तर अख्खं गाव हसलं असतं.

मी मॅट्रिक झाले होते आणि त्याआधी दोनदा दाखवून झाले होते. पहिल्या पाहुण्यांनी माझ्याकडून सुईत दोरा ओवून घेतला आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घेतलं. दुसऱ्यांनी दारापासून विहिरीपर्यंत चालवलं, पाय लंगडा आहे का ते कळावं म्हणून. बैल घेतानासुद्धा आमच्याकडे इतकं चालवत नाहीत. त्या दिवशी मी आत्याला सांगून टाकलं होतं की आता जो येईल त्यालाच मी चालवीन. आत्या म्हणाली होती, "चालवजो. मी हाये."

तर हा तिसरा. मुंबईत इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका हापिसात नोकरी. अंगात नवा टेरिकॉटचा शर्ट, बोटांना शाई, मान खाली. सोबत त्याचे मामा. दोघेही कामरगावचे, मामांचं तिथे किराण्याचं दुकान होतं. बोलणं असं, की समोरच्याला वाटावं, आपण काहीतरी विकत घेतलंच आहे, आता फक्त बांधून द्यायचं राहिलंय.

"आमचा पोरगा मुंबईत पंधरा मजली इमारत बांधून राह्यला," मामा बसल्या बसल्या म्हणाले. "दाखव रे."

मुलाने सुरनळी सोडली. कागद पुन्हा गुंडाळला जाऊ नये म्हणून वडिलांनी चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवले. पांढऱ्या कागदावर निळ्या रेघा होत्या आणि कागदाला तिखट वास येत होता.

"गोठ्याचा वास येते याले," आत्या म्हणाली.

"अमोनियाचा आहे तो," मुलगा म्हणाला. त्या घरात आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला आणि तेही पुस्तकी मराठीत. "छपाईला वापरतात."

"तेच म्हणलं मी. गोठ्याचा."

वडील वाकून पाहत होते. त्यांची सगळी नोकरी सरळ जाणाऱ्या रुळांवर लक्ष ठेवण्यात गेलेली. कागदावर मधोमध काढलेली इमारत मात्र चंद्राच्या कोरीसारखी होती, एका बाजूला फुगलेली, दुसऱ्या बाजूला आत गेलेली.

"हे वाकडी काहून हाये?" त्यांनी विचारलं.

"फॅशन हाये मुंबईची," मामा म्हणाले.

"वाकडी नाही, वक्र आहे," मुलगा म्हणाला.

"वक्र म्हणजे शाळा शिकलेलं वाकडं," आत्या म्हणाली.

मुलाने हसू दाबलं, ते मी दाराआडून पाहिलं. मग त्याने बोटाने दाखवत सांगायला सुरुवात केली. समुद्राच्या काठाने रस्ता वळतो, जागा त्या वळणावर आहे, म्हणून इमारतीनेही तेच वळण घेतलंय. सरळ बांधली असती तर काही घरांना समुद्र आणि काही घरांना शेजाऱ्याची वाळत घातलेली लुगडी दिसली असती. आता प्रत्येक ब्लॉकला समुद्र आहे. शिवाय वारा सरळ भिंतीवर आपटतो, फुगीर भिंतीवरून तो घसरून जातो. हे सांगताना त्याची मान वर आली होती आणि आवाजही बरा होता. फ्लॅटला तेव्हा सगळे ब्लॉकच म्हणायचे.

मला आत बोलावलं. नाव, शिक्षण, स्वयंपाक येतो का, हे सगळं झालं. शेवटी मामा मोठ्या मनाने म्हणाले, "तुले काही विचाराचं असन त विचार, पोरी." असं म्हणायची रीत होती. त्यावर मुलीने मान हलवायची, एवढंच.

मी विचारलं, "वाकड्या भिंतीले बाज कशी लावता?"

बाज म्हणजे आमच्याकडची सुंभाची खाट. ती सगळ्यांच्याच घरी होती, त्यामुळे प्रश्न सगळ्यांना कळला. मामांना तो आवडला नाही. मुलाने मात्र पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"लागते," तो म्हणाला.

"कशी?"

"मधे थोडी फट राहते."

"किती?"

तो तळहातावर बोटाने काहीतरी मांडू लागला. मग म्हणाला, "कागदावर काढून सांगतो."

"कागदावर कोणीबी सांगते," मी म्हणाले. "खळं रिकामं हाये. तिथं काढून दाखवा. जेवढं हाये तेवढं."

आई माजघरातून खोकली. तिच्या खोकल्यात एवढं बजावणं असायचं की शेजारची मुलंसुद्धा गप्प बसायची. पण आत्या तोवर उठून उभी राहिली होती. "पाहुण्यायची गाडी संध्याकाळी हाये," ती म्हणाली. "तोवर बसून बसून काय कराचं? पोहे त झाले."

वडिलांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "टेप आहे माझ्याकडे." त्याने खरंच खिशातून कापडी टेप काढला. मुलगी पाहायला येताना खिशात टेप घेऊन येणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

ज्वारीची रास घरी आली होती आणि खळं शेणाने सारवलेलं, स्वच्छ होतं. एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचा वांग्याचा मळा. शेजारी भाजीपाला पिकवून वाशीमच्या बाजारात न्यायचे. आम्ही त्यांना मळेवाले काका म्हणायचो. माणूस चांगला, पण त्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कोणी पाय ठेवला तर ते दुपारची झोप सोडून यायचे.

मुलाने शर्टाच्या बाह्या वर केल्या. "समुद्र कुठं धरू?"

"रूळ धर," वडील म्हणाले.

रूळ समुद्र झाले. मग तो उलट्या दिशेने चालत निघाला, खळं ओलांडून, धुरा ओलांडून, थेट वांग्यात. चांगलाच लांब गेला. तिथे एका वाफ्यात उभं राहून त्याने खाली बोट दाखवलं आणि खुंटी मागितली.

मळेवाले काका अर्थातच आले. "काय चालू हाये?"

"इमारतीचा मध्य इथं येतो," मुलगा म्हणाला.

"इमारत कोठी हाये?"

"तिकडं. खळ्यावर."

काकांनी खळ्याकडे पाहिलं, तिथे फक्त आत्या उभी होती. मग पायाखालच्या वाफ्याकडे पाहिलं. "इमारत त्यायच्या खळ्यात, अन् मध्य माह्या वांग्यात?"

मुलगा घाबरला आणि तिथेच त्याची पुस्तकी मराठी सुटली. "काका, वर्तुळ मोठं हाये ना. इमारत म्हणजे त्याचा लहानसा तुकडा. मध्य लांबच राह्यते. मुंबईतबी तो इमारतीत नाई, मागच्या दुसऱ्याच्याच कंपाउंडात पडते."

"अन् तो दुसरा काई म्हणत नाई?"

"त्याले माहीतच नाई."

हे काकांना पटलं. मालकाला न कळता त्याच्या जागेत एवढी मोठी वस्तू येऊन बसते, ही गोष्ट त्यांनी पुढे बरेच दिवस लोकांना सांगितली. पण फुकट काही द्यायचं नाही, हाही त्यांचा स्वभाव. "खुंटी ठोक," ते म्हणाले. "पण मले एक ब्लॉक पाह्यजे."

"देऊन टाका," आत्या खळ्यावरून म्हणाली.

विहिरीचे दोन-तीन दोर एकाला एक बांधले. एक टोक वांग्यातल्या खुंटीला, दुसरं मुलाच्या हातात. झाडं मोडू नयेत म्हणून काका स्वतः दोर डोक्यावर धरून वाफ्यांमधून आडवे चालत होते आणि मुलगा खळ्यावर ताणलेल्या दोराच्या टोकाशी राखेची रेघ ओढत चालला होता. राख मी पुरवत होते, घमेल्यातून. तोवर गावातली रिकामी माणसं गोळा झाली होती. जऊळक्यात त्या दिवसांत रिकाम्या माणसांना तोटा नव्हता.

रेघ उमटली तेव्हा सगळे वाकून पाहू लागले. जमिनीवर ती वाकडी वाटतच नव्हती. जवळून सरळच दिसे, लांब उभं राहिलं की कळे की ती हळूच वळतेय. मग त्याने दोर आखडून मागची रेघ काढली, त्या दोन्हींना जोडणाऱ्या आडव्या भिंती काढल्या, दारांसाठी जागा सोडल्या. शेजारी काकांचाही ब्लॉक आखून दिला.

"हे तिकडं रुंद अन् इकडं चिंचोळं काहून?" काकांनी आपल्या ब्लॉकमध्ये उभं राहून विचारलं.

"टरबुजाची फोड कशी असते? बाहेरून रुंद, आतून चिंचोळी. प्रत्येक ब्लॉक म्हणजे एक फोड."

"बियांच्या बाजूले संडास दिला तुमी मले," काका म्हणाले. त्यावर वाद नव्हता.

आता आत्याने कारभार हातात घेतला. तिने मुलाला विचारलं, "हा कितवा मजला?"

"कोणताही धरा. सगळे सारखेच."

"सातवा धरू. आता आयका सगळे," ती जमलेल्यांना म्हणाली. "हा सातवा मजला हाये. जाचं त दारातून जाचं. गॅलरीतून बाहेर पाय टाकला त मेले समजा."

आणि लोक खरंच दारातून जाऊ लागले. दार म्हणजे दोन रेघांमधली मोकळी जागा, पण गावचे पोलीस पाटील तिथे थांबले, चपला काढल्या आणि मग आत आले. एकाने हॉलमध्ये बसून बिडी पेटवली तर आत्याने त्याला गॅलरीत पाठवलं. एक कुत्रं रुळाकडून धावत थेट हॉलमध्ये घुसलं. पाटील म्हणाले, "उडत आलं." त्याच सुमारास मालगाडी गेली तर आत्या कपाळावर हात धरून म्हणाली, "जहाज चाललं, पहा."

प्रश्न तर संपेनात. पाणी कुठून येतं? गच्चीवर टाकी असते. टाकीत कोण भरतं? पंप. वीज गेली तर? मुलगा म्हणाला, तर नाही येत. हे उत्तर सगळ्यांना ओळखीचं वाटलं.

"माणूस मेलं त सातव्या मजल्यावून खाली कसं आणता?" आत्याने विचारलं.

"लिफ्ट असते."

"उभं करून?"

मुलगा विचारात पडला. "दोन लिफ्ट आहेत," तो अखेर म्हणाला. "एक लांब हाये." नकाशात ती सामानासाठी होती, हे त्याने मला लग्नानंतर सांगितलं.

मग बाज आली. माझ्याच प्रश्नाने सगळं सुरू झालं होतं, म्हणून ती मीच एका बाजूने धरून आणली. दार अरुंद होतं. ती आडवी करून आत घ्यावी लागली आणि राखेची भिंत मोडू नये म्हणून पाटील "जरा इकडं, जरा तिकडं" करत होते. समुद्राकडच्या वाकड्या भिंतीला ती लावली. राखेची रेघ जाड असल्यामुळे फट दिसेना. मुलाने काडीने रेघेची आतली कड कोरून बारीक केली आणि मग आम्ही दोघे दोन बाजूंनी खाली वाकलो. बाजेची दोन्ही टोकं भिंतीला टेकली होती आणि मधोमध फट होती.

मी बोटं घातली. दोन मावली.

"दोन बोटं," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका खूश होता, की जणू ती फट त्यानेच शोधून काढली.

"अन् त्यात पडलेलं कसं काढाचं?" मी विचारलं.

"काय पडन?"

"फणी. चाबी. काहीबी."

"बाज ओढाची," तो म्हणाला. मग हळू आवाजात, "मी ओढीन."

हे आत्याने ऐकलं. तिने तोंडाला पदर लावला.

इतक्यात शेजारच्या ब्लॉकमध्ये गडबड झाली. मळेवाले काका पायाने राख सरकवून मधली भिंत आमच्या बाजूला हातभर आत आणत होते. त्यांना वाटलं होतं कोणी पाहत नाही. वडिलांनी पाहिलं. दोघांचं धुऱ्यावरून आधीही एकदा वाजलं होतं.

"धुरा कोरून राह्यले तुमी," वडील म्हणाले.

"माही फोड बारीक हाये."

"फोड सारखीच हाये. पोराले विचारा."

दोघे भिंतीच्या दोन बाजूंना, कमरेवर हात ठेवून, सातव्या मजल्यावर धुऱ्याचं भांडण भांडायला उभे राहिले. मुलगा धावत गेला. "काका, ती भिंत हलवता येत नाई. तिच्यात खांब हायेत. ते हलले त वरचे आठ मजले खाली येतीन."

काकांनी पाय उचलला आणि वर पाहिलं. वडिलांनी पाहिलं. मग बाजूच्या सगळ्यांनीच पाहिलं. वर फेब्रुवारीचं निळं आभाळ होतं आणि एक घार. काकांनी पायानेच राख पहिल्या जागी सरकवली आणि वरून थोपटलीही.

आता ऊन उतरलं होतं. आईने चहा खळ्यावर पाठवला आणि तो सगळ्यांनी हॉलमध्ये बसून प्यायला. वडील खूश होते. त्यांनी गॅलरीकडे बघत सहज विचारलं, "मंग यातला तुमचा ब्लॉक कोणता?"

"हाच," मामा म्हणाले. "सातव्या मजल्यावरचा. पोरगी इथंच नांदन."

मुलाने चहा अर्धवट सोडला. हातातला कप त्याने खाली ठेवला. मी समोरच होते, मला त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या दिसल्या. मग तो उठला, घमेल्यातली उरलेली राख घेतली आणि हॉलच्या कोपऱ्यात टेप लावून एक लहान चौकोन काढला. त्या चौकोनाच्या चारही भिंती सरळ होत्या. एक दार, एक खिडकी. त्याभोवती हॉल तसाच मोकळा राहिला.

"हे काय?" वडिलांनी विचारलं.

"ही माही खोली," तो म्हणाला. "त्या इमारतीत माहं काईच नाई. मी हापिसात नकाशावर कागद ठेवून गिरवतो. तिथं राहणारे लोक येगळे. मी इथं राहतो, चाळीत."

मामा म्हणाले, "पोरगा भोळा हाये. आज नाई त उद्या..."

"उद्याबी नाई, मामा," मुलगा म्हणाला.

मग मीच म्हणाले, कारण मला खरंच जाणून घ्यायचं होतं, "एकटेच राहता?"

"चौघं आहो."

"अन् झोपता कसे?"

त्याला शब्दांत सांगता येईना. त्याने इकडेतिकडे पाहिलं. "दोन-तीन जण या जरा," तो म्हणाला. पाटील आले, मळेवाले काका आले, चिलीम ओढणारा एक म्हातारा आला. मामांनी यायला नकार दिला. मुलगा स्वतः भिंतीकडेला आडवा झाला, त्याच्या शेजारी उलट्या दिशेने डोकं करून पाटील, मग काका, मग म्हातारा. म्हाताऱ्याचे पाय दारातून बाहेर आले.

"दारात झोपते त्याचे पाय बाहेरच राहतात," मुलगा पडल्या पडल्या म्हणाला. "तो उंच हाये."

पाटलांचं पोट हलायला लागलं. मग काकांचं. चौघेही तसेच आडवे पडून हसत होते आणि कोणाला उठता येईना, कारण एक उठला की दुसऱ्याच्या छातीवर हात पडे. वडील तोंडावर हात धरून रुळाकडे पाहत राहिले. ते हसत होते की रागावले होते ते मला कळलं नाही. शेवटी ते म्हणाले, "जेवता कोठी?"

"खानावळीत."

"चूल?" आत्याने विचारलं.

"स्टो हाये. चहापुरता."

मामा आता नाराज झाले होते. "लग्न जुळवाचं म्हणलं त चार गोष्टी वाढवूनच सांगा लागते," ते वडिलांना म्हणाले. "सगळेच सांगते."

"वाढवलं नाई तुमी," आत्या म्हणाली. "वाकवलं. पोरगा सरळ हाये, तुमीच वक्र निघाले."

मामांनी टोपी नीट केली आणि स्टेशनाकडे चालू लागले. जाताना हॉलची भिंत, मधली खोली आणि संडास असं सगळं तुडवत गेले. पाटील उठून बसत म्हणाले, "सातव्या मजल्यावून गेले ते." मुलगा मात्र निघताना दारातूनच बाहेर पडला, आता तसं कोणी सांगत नव्हतं तरी.

संध्याकाळच्या गाडीला अजून वेळ होता. मळेवाल्या काकांनी एक टोपली वांगी भरून दिली, ती स्टेशनावर पोचवायला आत्याने मला पाठवलं. आमच्याकडे अशा वेळी मुलीला पाठवत नाहीत. आत्याने आईला सांगितलं की तिचा स्वतःचा गुडघा दुखतोय. दिवसभर ती सातव्या मजल्यावर चढउतार करत होती, त्यामुळे आईला काही बोलता आलं नाही.

मामा फलाटाच्या दुसऱ्या टोकाला बाकावर बसले होते, पाठ करून. मुलगा नळाजवळ उभा होता. शर्टाला सगळीकडे राख लागली होती. वडील झेंडी घेऊन लांब उभे होते आणि आमच्याकडे अजिबात पाहत नव्हते. ते न पाहणं त्यांना अवघड जात होतं, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं.

मी टोपली ठेवली. "वांगे हायेत. काकायनं देले."

"त्यायले सांगजा, खुंटी काढून घ्या म्हणा. पायात येईन."

"सांगीन."

मग तो म्हणाला, "मामा मले घरून निघतानाच म्हणले होते, खोलीचं काई बोलू नको. मी बोलणारच नोतो. पण तुमी मोजून पाहणाऱ्या निघाल्या."

"मंग?"

"मंग कागदावर खोटं काढता येते. जमिनीवर काढवत नाई."

गाडीचा आवाज लांबून येऊ लागला. तो घाईने म्हणाला, "मी परत येऊ काय?"

मला काहीतरी चांगलं, लक्षात राहील असं बोलायचं होतं. सुचलं नाही. मी म्हणाले, "या. पण मामाले नका आणू. अन् बाकीच्या तिघायले विचारून या, ते कोठी जाणार हायेत."

तो हसला. पुस्तकी नाही, कामरगावचं हसला, दात दाखवून. गाडी हलली तेव्हा मामा एका डब्यात आणि तो दुसऱ्या डब्यात होता, टोपली मांडीवर घेऊन.

घरी आल्यावर वडिलांनी मला एवढंच विचारलं, "चाळीतल्या खोलीत राह्यशीन?" मी म्हणाले, राहीन. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आईने मात्र आठवडाभर बोलणं टाकलं, कारण सगळ्या गावासमोर मुलीने बाज उचलली. तिच्या मते लग्न मोडायला तेवढं पुरेसं होतं, आणि ते मोडलं नाही याचाही तिला थोडा राग होता.

पंधरा दिवसांनी तो त्याच्या आईला घेऊन आला. त्यांनी माझ्याकडून काहीही करून घेतलं नाही. लग्न उन्हाळ्यात लागलं, वंदना झाली, पंचशील झालं, साध्या पद्धतीने. कामरगावचे मामा आले आणि वरातीत सगळ्यांपेक्षा जास्त नाचले. मुलाला आपणच मुंबईला पाठवलं, असं ते ज्याला त्याला सांगत होते, आणि ते खरंही होतं.

मुंबईत आम्ही त्या चौकोनी खोलीत संसार मांडला. तिघांपैकी दोघे आपणहून दुसरीकडे गेले. तिसरा, तो उंच, जाईना. तो एका छापखान्यात कामाला होता, स्वभावाने लाजाळू. "जागा पाहून राह्यलो, वहिनी," असं तो रोज म्हणायचा आणि रोज चाळीच्या गॅलरीत आमच्या दारासमोर सतरंजी टाकून झोपायचा. सकाळी दार उघडलं की तो पायाला लागायचा. नवरा त्याला बोलेना, मित्र होता. मी दोन महिने वाट पाहिली, मग आत्याला बोलावून घेतलं.

आत्या आली ती ज्वारीचं पीठ, तिखट आणि पापड घेऊन. पहिल्याच संध्याकाळी तिने त्या उंच मुलाला पोटभर जेवू घातलं आणि गाव विचारलं, शेती विचारली, आई कोणत्या गावची ते विचारलं. तो सगळी उत्तरं देत गेला. चौथ्या दिवशी तिने मला सांगितलं की शिरपूरला तिच्या नात्यात एक मुलगी आहे, उंच, कोणी करून घेत नाही. परत जाताना ती त्या मुलाला सोबतच घेऊन गेली, सामान उचलायला म्हणून.

दीड महिन्यात त्याचं लग्न झालं. बायको आली म्हटल्यावर त्याला जागा पाहणं भागच होतं आणि ती त्याला लगेच मिळालीही, आमच्याच मजल्यावर, दोन दारं सोडून. मी सुटकेचा श्वास सोडला. पण शिरपूरच्या मुलीला स्टो पेटवायची भीती वाटायची. त्यामुळे पुढची सगळी वर्षं जेवायला दोघंही आमच्याकडेच यायची.